नाव ठेवताना

बर्फ वितळून गेलेल्या डब्यातून आला
एलेउतेरिओच्या उजव्या कानाचा तुकडा,
मसुरीच्या दाण्याएवढा.
ताराउआका नदीवर दोन दिवस होडी,
मग खड्ड्यांच्या रस्त्यानं ट्रक,
रिओ ब्रांकोच्या स्टँडवरून पुढे मी,
स्कूटरवर, डबा पायांत धरून.
नळीवर नर्सचं घाईचं अक्षर:
पुरुष, एकाहत्तर, रबर काढणारा.

आम्ही बश्या मांडल्या.
साधं अन्न, मग रक्त कालवलेलं, मग अंड्याचं.
इतर बुरश्या येतात जेवायला, आज नाही तर महिन्यानं.
ही आली नाही.
आजवर कुणाच्याच बशीत ही नीट उतरलेली नाही.

भिंगाखाली मात्र होतीच:
गोल, एका मापाची,
बारीक नळीनं एकीला एक जोडलेली,
माझ्या आईच्या जपमाळेसारखी.

हिच्या नात्यातल्या बाकीच्या दोन संसार करतात.
मातीत असल्या की धागा,
माणसाच्या उबेत शिरल्या की मणी.
हिचे मणी पाहिलेत. धागा कुणीच नाही.
निम्म्या आयुष्याचा पत्ता नाही, आणि तरी
किती नावं दिली हिला!
एका कुळात बसवलं, तिथून उठवलं,
पंगतीत पान न मिळालेल्या पाहुणीसारखं.

एलेउतेरिओलाही लोकांनी नावं ठेवलीच.
महारोग म्हणाले.
ताट वेगळं, पेला वेगळा,
प्रार्थनेला बाक शेवटचा, दाराजवळचा.
अकरा वर्षं गोळ्या खाल्ल्या त्यानं
दुसऱ्याच रोगाच्या.

मी तुकडा कुटला, उकळला, धुतला.
तळाशी पांढरं काही उतरलं,
सुतासारखं.
त्यातलं बहुतेक एलेउतेरिओचंच.
त्याच्या लाखो अक्षरांमागे बुरशीचं एखादं,
तांदळातला खडा वेचावा तसं वेचायचं,
फरक एवढाच, की हवा असतो खडा.
मशीन दोन रात्री चालू होतं.
दुसऱ्या रात्री वीज गेली.
मी जनरेटरला शिव्या दिल्या, आणि तो सुरू झाला.

मग पडद्यावर झाड आलं, आडवं,
फाट्याफाट्यावर आकडा: शंभरात अठ्ठ्याण्णव.
तिचं घर सापडलं,
दक्षिणेत शेतकऱ्यांची फुप्फुसं खाणाऱ्या बुरशीला
अगदी खेटून.

कापायला बोलावलं तेव्हा तो स्वतः आला,
कानावर कापड, टोपी हातात.
मी कागद दाखवला. त्यानं बोट फिरवलं
तिरक्या रेघांवरून, खालून वर.
"चांगला हात आहे. साल दुखावलेली नाही.
कुणी चिरलंय हे झाड?"
मी म्हटलं, मी.
तो पहिल्यांदा हसला.

"मग हे बोतोनं दिलं का?
आमच्या नदीतला गुलाबी मासा,
जत्रेच्या रात्री माणूस होऊन नाचायला येतो,
टोपी काढत नाही."
मी म्हटलं, नाही.
समुद्रातल्या डॉल्फिनना येतात अशाच गाठी,
मणीही हुबेहूब असेच,
म्हणून सगळे एकच समजत होते.
अक्षरं लावली तेव्हा कळलं,
भाऊबंद आहेत, पण चुली वेगळ्या.
"म्हणजे बोतोवर उगाच आळ."
होय, उगाच.

नवं नाव मी वाचून दाखवलं.
त्याच्या जिभेला ते पेलेना. माझ्याही, खरं तर.
"यानं बरं होईल?"
नाही. डॉक्टर कापतील.
कदाचित परत येईल.
पण कागदावर लिहून देते, महारोग नाही, शिक्क्यासकट.

त्यानं कागद घडी करून टोपीत ठेवला.
दारात थांबला.
"आणि मातीत ती कशी दिसते?"
कुणी पाहिलेली नाही, मी म्हटलं.

"मी पाहिली असेल," तो म्हणाला.
"चाळीस वर्षं पहाटे चारला
कपाळावर दिवा बांधून त्याच वाटेनं गेलोय.
ओळख नव्हती, एवढंच."